तीन नंबरचा रिले

१

चाचणीला निघताना करंट सोडायची पेटी आई स्वतः उचलते. पेटी बावीस किलोची आहे. पंपघराच्या फाटकापाशी फिटरकाका दर वेळी पुढे होतात, "द्या ताई, मी घेतो," म्हणतात, आणि आई दर वेळी म्हणते, "राहू दे, तिला माझ्याच हाताची सवय आहे." मग फिटरकाका माझ्याकडे वळतात. माझ्या हातात वही आणि स्टॉपवॉच. "आणि मौनीबाई, तुमचं ओझं तरी देणार का?" मी मान हलवते. मौनीबाई हे नाव त्यांनीच ठेवलंय. दोन सुट्ट्यांत मिळून मी त्यांच्याशी वीस-पंचवीस शब्दांच्या वर बोलले नसेन.

आकडे लिहून घेणारे आईचे जोडीदार सुट्टीवर गेले की मी तिच्याबरोबर जाते. साहेबांनी पहिल्यांदा कुरकुर केली होती. मग त्यांनी माझं अक्षर पाहिलं.

त्या दिवशी मात्र नेहमीसारखं नव्हतं. आजवर चाचणी आई करायची आणि तक्त्याखाली सही वरचे अधिकारी करायचे, तेही केबिनमध्ये बसून. गेल्या महिन्यात पत्र आलं की यापुढे सहीचा अधिकार तिचाच. बाबांनी ते पत्र एकदा बसून आणि एकदा उभं राहून वाचलं. आई फक्त "बरं झालं, फेऱ्या वाचतील," एवढंच म्हणाली; पण सकाळी तिने इस्त्रीची साडी काढली. वायरींत बसायला इस्त्रीची साडी कुणी नेसत नाही.

पंपघरात तीन मोटरी आहेत. त्या पाणी वर टेकडीवरच्या टाकीत चढवतात. तीन नंबरची मोटर आतली तार पुन्हा गुंडाळून घ्यायला दोन महिने बाहेर गेली होती, ती परत येऊन जागेवर बसली होती. तोवर वरच्या वस्तीला दिवसाआड पाणी. केबल जोडायची बाकी होती, आणि त्याआधी तिच्या पॅनेलमधला रिले तपासायचा होता. आईची सही झाली की चारला केबल, साडेचारला मोटर सुरू. साहेबांनी वरच्या वस्तीला तसं कळवूनही टाकलं होतं.

"आजची सही म्हणजे ताई, मिठाई आमची पक्की," फिटरकाका म्हणाले.

"आधी रिलेला विचारू या," आई म्हणाली.

२

रिले म्हणजे पॅनेलच्या दारात बसवलेली, शाळेच्या कंपासपेटीहून थोडी मोठी अशी डबी. तिला छोटा पडदा असतो आणि एक बटण. मोटर जास्त तापली तर जळू नये म्हणून ती मोटरचा पुरवठा तोडते. गंमत अशी की ही डबी मोटरला हात लावत नाही. मोटर किती करंट ओढते आणि किती वेळ, एवढ्यावरूनच ती मोटर किती तापली असेल याचा हिशेब मांडते. शून्य म्हणजे थंडगार, शंभर झाले की तोडायचं.

मी सहावीत असताना आईने मला हे असं सांगितलं होतं: "तू उन्हात किती वेळ खेळलीस त्यावरून मी ओळखते ना, संध्याकाळी तुझं डोकं दुखणार म्हणून? कपाळाला हात तरी लावते का? तसंच."

म्हणून रिलेला आठवण असते. मघाशी तापलेली मोटर अजून पुरती निवली नसेल, हे तो धरून चालतो आणि पुढच्या वेळी लवकर तोडतो. चाचणीच्या आधी ही आठवण पुसून शून्यावर आणावी लागते. ती पुसायला विसरणं ही नवशिक्यांची चूक. शून्यावर न आणता करंट सोडला की रिले लवकर पडतो, म्हणजे तोडतो, आणि नवशिका बिचारा चांगल्या रिलेला नापास करून घरी जातो.

आईने आजवर ही चूक एकदाही केलेली नाही. बटण दाबल्यावर ती "शून्य" असं मोठ्याने म्हणते आणि मी पडद्याकडे पाहून पुन्हा "शून्य" म्हणते. मगच पुढे.

तिची आणखी एक रीत आहे. रिले किती सेकंदांत पडायला हवा हे तक्त्याच्या उजव्या अर्ध्या भागात छापलेलं असतं. तो भाग ती दुमडून पिनेने बंद करते आणि मग कागद माझ्यापुढे ठेवते. "काय यायला हवं ते डोळ्यांना कळलं की डोळे तेच वाचतात," ती म्हणते. त्यामुळे आकडा चूक की बरोबर हे मला माहीतच नसतं. मी फक्त आला तो लिहिते.

साडेअकराला आम्ही सुरुवात केली. मोटरकडून येणाऱ्या सगळ्या वायरी आईने रिलेच्या मागून सोडवल्या आणि टोकांना चिकटपट्टी लावली. आता रिलेला जगात आमच्या पेटीशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

"शून्य."

"शून्य."

"दुप्पट. सोडला!"

मी घड्याळ दाबलं. पॅनेलच्या खोलीत नेहमीची बारीक घरघर होती. खिडकीच्या काचेवर ऊन होतं. मग रिलेत टक् झालं.

"एकशे नऊ," मी म्हणाले आणि लिहिलं.

आईने मान वर केली. तिला उजवी बाजू पाठ आहे. ती म्हणाली, "परत वाच."

"एकशे नऊ."

"घड्याळ दाखव." तिने घड्याळ पाहिलं, मला परत दिलं, आणि पेटीतला करंट खरंच मोटरच्या नेहमीच्या करंटच्या दुप्पट आहे का ते दुसऱ्या मीटरने तपासलं. तो तंतोतंत होता.

३

त्यानंतर आईने पन्नास मिनिटं काहीच घाई केली नाही. जोडलेला प्रत्येक स्क्रू सोडवून पुन्हा आवळला. पेटीची भुईत जाणारी तार तपासली. बाराला वीस कमी होते तेव्हा फिटरकाका डोकावून गेले. "ताई, रिले रुसला काय?"

"रुसला नाही, घाईत आहे."

बारा वीसला तिप्पट करंट सोडला. छत्तीस सेकंद. एक वीसला सहापट सोडला. साडेसहा.

सहापटीच्या वेळी मी स्वतः पडद्याकडे टक लावून होते. शून्य होतं. तिने "सोडला" म्हणेपर्यंत शून्यच होतं. माझ्या डोळ्यांवर माझा एवढा तरी विश्वास आहे.

आई खुर्चीत बसली. तिच्या जाड वहीच्या मागच्या पानावर तिने हाताने काढलेले आलेख आहेत: मोटर आधीच इतके टक्के तापलेली असेल तर रिले किती सेकंदांत पडेल. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिने ते काढले. आजही नवीन आलेले इंजिनिअर साहेबांना न विचारता तिच्याकडून त्यांची नक्कल मागून नेतात, आणि ती देते.

"बघ हं," ती म्हणाली. तिने बोटाने एकशे नऊवरून आडवी रेघ ओढली. "याचा अर्थ, आधीच चाळीस टक्के तापलेली. छत्तीस सेकंद म्हणजे पन्नास टक्के. साडेसहा म्हणजे…" तिने चष्मा वर केला. "बासष्ट."

"पण आपण दर वेळी शून्यावर आणला होता."

"आणला होता."

"मग काय तापलंय?"

आई उठली, दार ओलांडून मोटर हॉलमध्ये गेली आणि तीन नंबरच्या मोटरच्या पाठीवर तळहात ठेवून उभी राहिली. मी दारातच थांबले. केबलची तीन टोकं मोटरपासून हातभर अंतरावर, चिकटपट्टी लावून, लोंबत होती.

"गार आहे," ती तिथूनच म्हणाली. मग हात काढला आणि साडीला पुसला. मोटर स्वच्छ होती, पुसण्यासारखं काही लागलेलं नव्हतं.

४

साहेब दोनला आले. त्यांनी उभ्याउभ्याच आकडे पाहिले आणि हसले. वाईट नव्हते हसले. एखाद्या हुशार मुलीचं गणित चुकल्यावर मास्तर हसतात तसे.

"मॅडम, शून्यावर आणायचा राहिला तुमचा."

माझे कान तापले. आईचे नाही तापले. ती म्हणाली, "तीन वेळा आणला, साहेब. दोघींनी 'शून्य' म्हणून."

"मग रिले बिघडलाय. काढा, चाचणीच्या खोलीत नेऊन बघा."

ते ती नाहीतरी करणारच होती. अडीचला रिले काढून आम्ही गच्चीच्या जिन्याखालच्या चाचणीच्या खोलीत नेला. तिथे एक टेबल, एक खिडकी आणि पाली आहेत. शून्य, शून्य. दुप्पट: एकशे बहात्तर. पुन्हा शून्य. तिप्पट: एकाहत्तर. सहापट: सतरा.

आईने पिन काढून कागद उलगडला. छापलेले आकडे होते एकशे त्र्याहत्तर, एकाहत्तर, सतरा.

"वा!" साहेब म्हणाले. "झालं तर मग. रिले ठणठणीत आहे. हेच आकडे उतरवा आणि करा सही. पहिली सही आहे तुमची, चांगल्या तक्त्यावर होऊ दे."

खरं तर काय चूक होतं त्यात? आकडे खोटे नव्हते. ते मीच घेतले होते. माझ्याच अक्षरात होते. आईने त्यांच्याखाली सही केली असती तर ती खोटी ठरली नसती. मोटर सुरू झाली असती, वरच्या वस्तीत नळ आले असते, बाबांनी तो तक्ता उभं राहून वाचला असता.

आई कागदाकडे बघत होती. तिचा अंगठा कागदाच्या कडेवरून पुढे-मागे फिरत होता. घरात काही महाग वस्तू घ्यायची की नाही हे ठरवताना ती असंच करते.

"पहिल्या सुरुवातीला मोटरपाशी कोण उभं राहणार?" तिने विचारलं.

"कोण म्हणजे? मीच," फिटरकाका म्हणाले. ते दारात येऊन थांबले होते. "बेअरिंगवर हात ठेवून. मोटर कानाने ऐकायची नसते ताई, तळव्याने ऐकायची असते. तीस वर्षं झाली."

"हो ना," आई म्हणाली. "साहेब, रिले या टेबलावर राहणार नाही. तो पॅनेलमध्ये बसणार आहे. सही पॅनेलमधल्या आकड्यांवर करीन."

साहेबांनी मनगट वळवून घड्याळ पाहिलं. "साडेचारपर्यंत वेळ आहे तुम्हाला. नंतर मला बाहेरचा माणूस बोलवावा लागेल. मग लोक काय म्हणतील ते तुम्हाला सांगायला नको. म्हणजे, माझं काही म्हणणं नाही."

५

रिले परत पॅनेलमध्ये बसवेपर्यंत तीन वाजून गेले. तेवढ्या वेळात मी वहीच्या चौकटीच्या पानावर तीन ठिपके काढले. खाली वेळ, बाजूला टक्के. साडेअकरा आणि चाळीस. बारा वीस आणि पन्नास. एक वीस आणि बासष्ट. मी पट्टी ठेवली. तिन्ही ठिपके एका रेषेवर होते. जवळपास नव्हे, अगदी रेषेवर. दर पाच मिनिटांना एक टक्का.

मी आईच्या कोपराला हात लावला. मला काही सांगायचं असलं की मी आधी असंच करते.

"सव्वातीनला पंच्याऐंशी असेल," मी म्हणाले. "दुप्पट करंट सोडलास तर तुझ्या आलेखावर एकोणतीस सेकंद येतात."

हे काम सुरू केल्यापासून मी आकडा येण्याआधी पहिल्यांदाच सांगितला होता. आईने पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर दोन गोष्टी एकाच वेळी होत्या. एक मला फार आवडली. दुसरी मी तिच्या चेहऱ्यावर कधी पाहिली नव्हती.

"घड्याळ तू धरू नकोस मग," ती म्हणाली. "काका, या इकडे. मी 'सोडला' म्हटलं की दाबा, टक् झालं की परत दाबा. हिला काही विचारू नका."

"शून्य."

"शून्य."

"सोडला!"

फिटरकाकांनी घड्याळ कानाशी धरलं होतं, टिकटिक ऐकायला असावं. रिले पडला. त्यांनी डोळे बारीक करून वाचलं. "एकोणतीस. बरं आलं का?"

आईने माझे तीन ठिपके बोटाने जोडले.

"तापणारी वस्तू अशी सरळ रेषेत तापत नाही," ती म्हणाली, माझ्यापेक्षा स्वतःशीच जास्त. "आधी भरभर तापते, मग हळूहळू. रेष वाकते. माझ्या सगळ्या रेषा वाकलेल्या आहेत बघ."

"मग सरळ रेषेत काय वाढतं?" मी विचारलं.

"चालत येणाऱ्या माणसाचा रस्ता," फिटरकाका म्हणाले. "एका चालीने चालला तर. तासाला इतकं म्हणजे इतकं." आणि ते हसले. मग आम्ही दोघी हसलो नाही हे त्यांच्या लक्षात आलं. "अहो, थट्टा केली."

मी पट्टी पुढे सरकवली आणि रेष वाढवली. शंभराला ती जिथे पोचत होती तिथून खाली आले. साडेचार.

आई ते बघत होती. ती खोलीतल्या सगळ्या वस्तूंकडे एकेक करून बघायला लागली: पंखा, तारांची नळी, पॅनेलचं उघडं दार, त्यावरचा पिवळा तीनचा आकडा. तिला कारण हवं होतं. मला ठाऊक आहे, तिला नेहमी सापडतं. मागे एकदा पाच माणसांनी दोन दिवस शोधलेला दोष तिने एका सैल नटात शोधून काढला होता, आणि घरी येऊन भाजी निवडत ती गोष्ट अशी सांगितली होती की जणू किल्ली सापडली.

"साडेचारला मी करंट सोडणार नाही," ती म्हणाली. "पेटीही काढून टाकते. पडदा चालवणाऱ्या तारेशिवाय रिलेला काही जोडलेलं नसेल. आणि तरी तो पडला…" ती थांबली. "मी इथे बसते. तू हॉलच्या दारात उभी राहा आणि मोटरकडे बघ. आत जायचं नाही. जे दिसेल ते वाच."

"काय दिसायला हवं?"

"मला माहीत नाही," आई म्हणाली. "म्हणूनच तू."

६

चार वाजून गेल्यावर फिटरकाकांनी हॉल धुतला. नवी मोटर सुरू करण्याआधी फरशी धुवायची ही त्यांची पद्धत. तेलाचा एक थेंब जरी नंतर सांडला तरी लगेच दिसतो. नळी घेऊन त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी मारलं. करड्या फरशीचा रंग गर्द झाला, आणि वरच्या झरोक्यांचं ऊन तिच्यात लांबट तुकड्यांनी पडलं. एक आणि दोन नंबरच्या मोटरी त्यांच्या नेहमीच्या आवाजात चालू होत्या. तीन नंबरची गप्प होती. तिची केबलची टोकं तशीच लोंबत होती.

मी दारात उभी होते. डावीकडे पॅनेलच्या खोलीत आई खुर्चीवर, रिलेपुढे. तिचा आवाज मला ऐकू येत होता. "सत्तावीस… अठ्ठावीस." ती भिंतीवरचं घड्याळ वाचत होती.

मी मोटरकडे बघत होते, म्हणून फरशीकडे उशिराने पाहिलं.

मोटरच्या बेअरिंगच्या बाजूला, जिथे फिटरकाका उभे राहतात तिथे, फरशी वाळत होती. पहिल्यांदा एक ठिपका, बोराएवढा. त्याच्या शेजारी चार लहान, एका वाकड्या ओळीत. मग मागे एक मोठा गोल. मग मधला भाग भरला. एवढ्या ओल्या फरशीवर एक कोरडं पाऊल. अनवाणी. बोटं मोटरकडे. मग त्याच्या शेजारी दुसरं, तितक्याच सावकाश. पाणी कडेला सरत होतं, तव्यावरून सरतं तसं, पण आवाज न करता.

मी स्वतःला सांगितलं की फरशीखालून गरम पाइप जात असेल. पंपघरात गरम पाइप नाही. मी स्वतःला सांगितलं की झरोक्यातलं ऊन आहे. ऊन पलीकडच्या भिंतीजवळ होतं.

"एकोणतीस," आई आतून म्हणाली.

तिसरं पाऊल पडलं. त्याची बोटं मोटरकडे नव्हती. ते वळलं होतं. चौथं त्याच्या पुढे, एका पावलाच्या अंतरावर, दाराकडे. माझ्याकडे.

"अरेच्चा, इथली फरशी आत्ताच वाळली?" फिटरकाका माझ्या मागून म्हणाले. त्यांच्या हातात पाणी ओढायचं रबराचं फावडं होतं. त्यांना फक्त वाळलेली फरशी दिसली असेल. त्यांना चष्मा लागतो आणि तो ते लावत नाहीत. ते मला ओलांडून आत निघाले. त्यांचा एक पाय उंबऱ्याच्या आत होता.

"काका, थांबा!"

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. दोन मोटरींच्या वर तो गेला. फिटरकाका एका पायावर थबकले.

टक्.

"ट्रिप!" आई ओरडली. "साडेचार! बरोबर साडेचार!"

चौथ्या पावलाच्या पुढे, अर्ध्या हातावर, एक ठिपका वाळायला लागला होता. बोराएवढा. तो तेवढाच राहिला. मग कडेचं पाणी आत आलं. आधी तो ठिपका बुजला, मग चारही पावलं एकेक करून, आणि फरशी सगळीकडे सारखी ओली झाली.

७

आई धावत आली नाही. ती आधी रिलेचा पडदा पाहून मग आली. त्याबद्दल मला आजही तिचा अभिमान वाटतो.

"पडद्यावर शंभर आहे," ती म्हणाली. "करंट न सोडता शून्य नाही, असं दिवसभरात पहिल्यांदाच." मग माझ्याकडे बघून, "काय वाचलंस?"

मी सांगितलं. सलग सांगितलं, मध्ये न थांबता. फिटरकाका भिंतीला टेकून ऐकत होते. सांगून झाल्यावर त्यांनी आपला उजवा तळहात उलटा करून पाहिला आणि खिशात घातला.

"तोडायला काहीच जोडलेलं नव्हतं," आई म्हणाली. "तरी त्याने तोडलं."

"मग रिले पास?" मी विचारलं.

तिने विचार केला. खरंच केला; माझं मन राखायला नाही. "पास," ती म्हणाली. "पण त्याची आठवण आता पुसायची नाही; ती शंभरावर आहे तोवर तो तोडूनच ठेवेल. बटणाला कुणी हात लावायचा नाही."

तिने तक्ता टेबलावर ठेवला. पॅनेलमधले आकडे, खोलीतले आकडे, दोन्ही होते. शेऱ्याच्या चौकटीत तिने लिहिलं: रिले योग्य. मोटर सुरू करू नये. कारणाच्या रकान्यापाशी तिने लेखणी माझ्या हातात दिली. "तू पाहिलंस. तू लिही."

मी लिहिलं. चार ओळी झाल्या. काहीही वाढवलं नाही.

तेवढ्यात साहेब आले. "झालं का? माणसं थांबलीत." त्यांनी कागद उचलला. शेरा वाचताना त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या. मग ते माझ्या ओळींवर आले. आई सरळ उभी होती. तिच्या साडीची इस्त्री केव्हाच मोडली होती. आता साहेब हसतील, मी मनात म्हटलं, आणि मघासारखे माझे कान तापले.

साहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला आणि त्या ओळी पुन्हा वाचल्या. मग त्यांनी मला विचारलं, अगदी हळू, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात:

"किती झाली होती?"

"चार."

"बोटं कुणीकडे होती?"

"दोन पावलांची मोटरकडे. दोन पावलांची दाराकडे."

ते हॉलच्या दाराकडे बघत राहिले. आईने माझ्या दंडाला धरलं. असा प्रश्न विचारायला काहीतरी माहीत असावं लागतं, हे तिला माझ्याआधी कळलं होतं. पण तिने विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही.

"केबल जोडू नका," साहेब फिटरकाकांना म्हणाले. "वरच्या वस्तीला मी कळवतो." मग आईला, "मॅडम, पहिली सही आहे. याच्यावर कराल? कागद वर गेला की विचारणा होईल. लोक हसतील."

"आकडे हिने घेतलेत," आई म्हणाली. "चुकीचा आकडा ही घेत नाही."

आणि तिने सही केली. पूर्ण नाव, सावकाश, एकही अक्षर न मोडता. मग तक्ता माझ्याकडे सरकवला. आकडे घेणाऱ्याच्या नावाची ओळ आजवर मी कोरीच सोडत आले होते. मी माझं नाव लिहिलं.

पाचवं पाऊल पडलं नाही. ते रिलेने पडू दिलं नाही, आणि तो रिले बरोबर आहे हे माझ्या आईने सही करून सांगितलं आहे.